ग्रामसभेची नोटीस कशी वाचायची

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जाळीचा एक सूचना फलक आहे. वर्षातून निदान चार वेळा तिथे एक टाईप केलेला कागद लागतो, खाली सरपंच आणि सचिवांच्या सह्या आणि गोल शिक्का. पंचायतीचा शिपाई डोंडी देत गावातून फिरतो आणि आता गावाच्या ग्रुपवर त्याच कागदाचा फोटोही येतो. "मागील सभेचे कार्यवृत्त वाचून कायम करणे", "जमाखर्चास मंजुरी देणे", "आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे" अशी त्याची भाषा. बहुतेक जण तारीख बघतात आणि वावराकडे निघतात.

मीही कित्येक वर्षं तेच केलं. आमच्या गल्लीतली नाली पावसाळ्यात तुंबायची, पाणी थेट अंगणात. दोन वर्षं आम्ही बाया दिसेल त्या सदस्याला सांगत राहिलो. प्रत्येक जण म्हणायचा, "हो काकू, घेऊ ना यावर्षी." कोणी खोटं बोलत होतं असं मला आजही वाटत नाही. आमची नाली कुठल्याच कागदावर नव्हती, आणि पंचायतीत जे कागदावर नाही त्याला पैसा मिळत नाही. ते कागदावर कसं येतं, हे मी त्या नोटिशीतूनच शिकले. म्हणून ती विषयवार उलगडून सांगते.

आधी सभेबद्दल थोडं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद. घरटी एक माणूस असा हिशोब नाही. नवरा सभेला गेला म्हणून बायकोचं बसणं संपत नाही. पण लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत असेल, तर ती या गावच्या सभेची सभासद नाही. तिचं नाव इकडच्या यादीत आणून घ्या. हे काम लोक निवडणुकीपर्यंत ढकलतात आणि मध्ये दोन-तीन वर्षं निघून जातात.

वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्याच लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या आपल्या ओळखीच्या तारखा. सबळ कारण नसताना सभा घेतल्या नाहीत, तर सरपंचाचं पदही जाऊ शकतं. नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे. ग्रामसभा आणि पंचायतीची मासिक सभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मासिक सभेत फक्त निवडून आलेले सदस्य बसतात आणि मत देतात. ग्रामसभा गावाची. "सभेत ठरलं" असं कोणी सांगितलं, तर कोणत्या सभेत, एवढं विचारून घ्यावं.

कोरमचा, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचा, हिशोब असा : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यात जो आकडा कमी तो. ५०० मतदारांच्या गावाला ७५ माणसं लागतात. १,५०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे २२५, पण तिथे १०० पुरतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि पुढच्या तारखेला तेच विषय कोरमशिवायही मंजूर होऊ शकतात. म्हणजे "कोणी गेलंच नाही तर सभा होणार कशी" हा भरवसा चुकीचा आहे. सभा होते, फक्त आपल्याशिवाय होते.

आता नोटीस.

विषय क्र. १ : मागील सभेचे कार्यवृत्त वाचून कायम करणे

कार्यवृत्त म्हणजे ज्याला आपण प्रोसिडिंग म्हणतो ते. मागच्या सभेत काय ठराव झाले, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे सगळं त्या बुकात असतं. ते वाचून दाखवायचं आणि गावाने "बरोबर आहे" म्हणायचं, एवढाच हा विषय. तरीही माझ्या मते साऱ्या नोटिशीत सर्वांत महत्त्वाचा विषय हाच. मागच्या वेळी तुम्ही उठून बोललात, सगळ्यांनी माना डोलावल्या, पण बुकात ते आलंच नसेल तर ते बोलणं हवेत गेलं. ते सापडण्याची जागा हीच. वाचन सुरू असताना "माझ्या गल्लीच्या नालीचा विषय यात आला नाही, तो नोंदवा" असं शांतपणे म्हणता येतं. कोणाशी भांडावं लागत नाही.

अनेक गावांत हे वाचन "वाचलं, कायम केलं" एवढ्यावर आटोपतं. वाचायला लावा. दहा मिनिटं लागतात.

विषय क्र. २ : जमाखर्चास मंजुरी

आर्थिक वर्ष सुरू झाल्यावरच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवायचे असतात. पंचायतीकडे पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक वाट आपल्या खिशातून : घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजाराचा लिलाव. हे स्वउत्पन्न. यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गावात कोणी दिव्यांग असेल तर "यंदाचे पाच टक्के किती झाले आणि कशावर गेले" हा प्रश्न त्याच्या घरच्यांनी विचारलाच पाहिजे.

दुसरी वाट सरकारी निधीची, आणि त्यात सध्या सर्वांच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे वित्त आयोग. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण भागाचा पैसा दोन भागांत वाटून दिला. ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित. बंधित म्हणजे ज्याचं काम आधीच ठरलंय असा : अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. अबंधित पैसा गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, फक्त पगार आणि आस्थापनेवर नाही.

समजा एखाद्या पंचायतीला वर्षाला पाच लाख आले. तीन लाख बंधित झाले : दीड लाख पाण्याला, दीड लाख स्वच्छतेला. हातात मोकळे राहिले दोन लाख. आता गावाने दोन लाखांचा सिमेंट रस्ता आणि दीड लाखाची नाली मागितली, तर दोन्ही बसू शकतात, कारण सांडपाण्याची नाली स्वच्छतेच्या पैशात जाते. पण नालीही अबंधितमध्येच धरली तर एक काम मागे पडतं. आमचं नेमकं इथेच अडलं होतं. "रस्त्यातच पैसे संपले" हे उत्तर आम्ही खरं मानून गप्प बसलो होतो. नाली दुसऱ्या खात्यातून होऊ शकते हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. आयोग बदलला की टक्केवारी बदलू शकते. विचारायचा प्रश्न मात्र तोच राहतो : हे काम कोणत्या हेडमध्ये बसतं?

हे आकडे पंचायतीत जाऊनच बघावे लागतात असंही नाही. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर आपला जिल्हा, तालुका, पंचायत निवडली की मंजूर आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. या निधीची रक्कम निघते ती सरपंच आणि ग्रामसेवक (पंचायतीचे सचिव, २०२४ पासून त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी म्हणून ओळखलं जातं) या दोघांच्या डिजिटल सहीने, ज्याला गावात "डोंगल" म्हणतात. "सरपंचाने एकट्यानेच पैसे काढले" किंवा "ग्रामसेवकानेच काढले" हे पारावरचं बोलणं म्हणून अर्धवट असतं.

विषय क्र. ३ : ग्रामपंचायत विकास आराखडा

पुढच्या वर्षी गावात काय काय होणार त्याची ही यादी. "आमचं गाव, आमचा विकास" या नावाने महाराष्ट्रात तो करतात. या यादीत नसलेलं काम वित्त आयोगाच्या पैशातून करता येत नाही. २ ऑक्टोबरच्या आसपासच्या सभा याच कामाच्या, म्हणून सोयाबीन काढणीची घाई असली तरी घरातल्या एकाने तरी जावं असं मी सगळ्यांना सांगते.

यादीत नाव आलं म्हणजे काम झालं, असंही नव्हे. आधी झेडपीच्या अभियंत्याकडून अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, काम, अभियंत्याने मोजमाप बुकात केलेली नोंद, आणि मग बिल. आमची नाली आराखड्यात आल्यापासून बांधून व्हायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात आम्ही "काय झालं?" असं मोघम विचारण्याऐवजी "अंदाजपत्रक झालं का?", "कार्यारंभ आदेश निघाला का?" असं विचारायला लागलो, तेव्हा उत्तरंही नेमकी यायला लागली.

मागणी नेहमी लेखी करा. साध्या कागदावर दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर सही-शिक्का घेऊन घरी ठेवायची. त्याला पोच म्हणतात. अर्जात लांबी लिहा, कोणाच्या घरापासून कोणाच्या घरापर्यंत ते लिहा, किती घरांना त्रास आहे ते लिहा. "आमच्या भागात विकास करावा" अशा अर्जाला कोणता अभियंता मोजणार?

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हेही कायद्यातच आहे. तिथे झालेला निर्णय ग्रामसभेपुढे ठेवला जातो. कितीतरी गावांत ही सभा हजेरीपत्रकावरच होते. अंगणवाडीताई घरोघरी जाऊन सह्या आणतात. पहिल्यांदा आम्ही सात-आठ जणी खरोखर जाऊन बसलो तेव्हा माझ्या मामेसासूबाई म्हणाल्या होत्या, "कायले जातं व पोरी, तिथं सारं ठरलेलंच रायते." त्याच सभेत पाण्याचा विषय निघाला आणि टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर रोज पडते का, याची वही जलसुरक्षकाकडून मागवली गेली. पुढच्या वेळी मामी स्वतः आल्या.

पाण्याचं बोलायलाच हवं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोरिंगचं पाणी खारट, यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराईड. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसले तर ती पाण्याची खूण असू शकते. नळ आला म्हणजे पाणी पिण्यालायक झालं असं नाही. पाण्याचा नमुना तपासायला पाठवणं हे पंचायतीचं काम आहे आणि त्याचा अहवाल सभेत वाचायला लावणं आपलं. उन्हाळ्यात टँकर हवा असेल, तर मागणी पंचायतीच्या ठरावातून सुरू होऊन पंचायत समितीमार्फत तहसीलकडे जाते. ठराव एप्रिलच्या शेवटी केला तर टँकर मे उलटता येतो. मार्चमध्येच करा.

विषय क्र. ४ : घरकुल लाभार्थी यादीचे वाचन

या विषयाला सर्वांत जास्त गर्दी, आणि गैरसमजही सर्वांत जास्त. प्रधानमंत्री आवास योजनेची यादी ग्रामसभा आपल्या मनाने बनवत नाही. नावं सर्वेक्षणातून येतात : आधी २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतून, नंतर आवास प्लसच्या सर्वेक्षणातून. ग्रामसभेचं काम ती तपासण्याचं : कोणाचं आधीच पक्कं घर आहे, कोण गाव सोडून गेलं, कोणाचा क्रम चुकला. "सरपंचाने माझं नाव कापलं" असं वाटत असेल तर नाव सर्वेक्षणातच नव्हतं की सभेत अपात्र ठरवलं, हे आधी बघा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. अपात्र ठरवलं असेल तर कारण कार्यवृत्तात लिहिलेलं असलं पाहिजे, आणि त्यावर पंचायत समितीकडे दाद मागता येते.

सपाट भागात घरकुलाची मूळ रक्कम १ लाख २० हजार, डोंगराळ आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार त्याच्यावर. पैसे हप्त्यांनी थेट खात्यात येतात. पुढच्या हप्त्यासाठी कोणी "फोटो काढायचे" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. तो फोटो काढणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम आहे.

घराच्या कागदाचं इथेच सांगते, कारण त्यावरून भाऊबंदकी होते. पंचायतीचा नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे. कर कोणाकडून घ्यायचा हे त्यावरून ठरतं, मालकी सिद्ध होत नाही. शेताचा सातबारा तलाठ्याकडे (२०२४ पासून त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी म्हणून ओळखलं जातं), आणि गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका भूमी अभिलेख खात्याकडे. गावावरून ड्रोन फिरला होता तो त्यासाठीच, २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत. पत्रिका हाती आली की नाव, क्षेत्रफळ, चारही बाजू नीट बघून घ्या. चूक असेल तर म्हातारी माणसं हयात असतानाच दुरुस्त करा.

जे नोटिशीत नसतं

ग्रामसभेत लोक सर्वांत जास्त तावातावाने बोलतात ते अशा गोष्टींवर, ज्या पंचायतीच्या हातातच नाहीत. रेशनचं धान्य कमी मिळालं तर तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. श्रावणबाळ, संजय गांधी निराधारची प्रकरणंही तहसीलला. खांबावरचा दिवा पंचायतीचा, पण तार तुटली किंवा डीपी जळाली तर महावितरण. गावातला रस्ता पंचायतीचा, गावाला जोडणारा बहुधा जिल्हा परिषदेचा, आणि मोठा प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. चुकीच्या दाराशी भांडण्यात आपली मजुरी बुडते.

पांदण रस्ता, म्हणजे वावरात जायची वाट, मात्र दोन्हीकडचा विषय आहे, आणि आपल्या काळ्या मातीच्या मुलखात तो जीव खाणारा विषय आहे. जुलैत बंडी रुतते, खत डोक्यावरून न्यावं लागतं, बाळंतीण वस्तीवर अडकते. पांदण मजबूत करायची असेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन ती आराखड्यात आणि पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेत घालावी लागते. पण कोणी वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर ग्रामसभेचा ठराव पुरत नाही. तहसीलदाराकडे मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करायचा. वावराला रस्ताच नसेल आणि धुऱ्यावरून (बांधावरून) नवा हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३. अर्ज उन्हाळ्यात द्या, म्हणजे पेरणीआधी पाहणी होते.

दाखल्यांसाठी सभेची वाट बघायची गरजच नाही. जन्म, मृत्यू, विवाह नोंद, नमुना आठचा उतारा, येणे बाकी नसल्याचा दाखला, दारिद्र्यरेषेखालील दाखला, निराधार दाखला या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतात. मुदत आणि फी पंचायतीत फलकावर लावलेली असली पाहिजे. मुदतीत मिळाला नाही तर पंचायत समितीत अपील. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. फक्त अर्जाची पोच लागते. तोंडी मागितलेल्या दाखल्याची मुदत कधीच सुरू होत नाही. जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथे होते, आईबाप राहतात तिथे नाही. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालं असेल तर ग्रामसेवकाकडे खेटे घालून उपयोग नाही. २१ दिवसांत नोंद करा.

गडचिरोलीकडच्या आणि इतर पेसा गावांतल्या (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या) वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी तिथल्या ग्रामसभेला पंचायतीपेक्षा जास्त हक्क दिले आहेत. पाड्याची, टोल्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, तेंदू-बांबूसारख्या गौण वनोपजावर तिचा अधिकार चालतो, आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी येतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ते गाव सहमतीशिवाय निर्णय घेत नाही. एकाचा जरी विरोध असला तरी पुन्हा बसतात. आमच्यासारख्या गावांना तेवढे अधिकार नाहीत. पण पुन्हा बसायला अधिकार लागत नाही.

महाराष्ट्रातल्या पंचायत राजची रचना ज्या समितीने आखली, तिचे अध्यक्ष आपल्या विदर्भातल्या पुसदचे वसंतराव नाईक होते. १ मे १९६२ पासून ती व्यवस्था सुरू झाली. या मुलखाने घडवलेली व्यवस्था आहे. ती आपल्याला परकी वाटावी याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटचा विषय : अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय

इथपर्यंत येता येता सभा अर्धी रिकामी होते. हजेरीची सही आल्या आल्या घेतली जाते, मग म्हशीची वेळ होते, एसटी येते, लोक उठतात. सही मात्र राहते, आणि त्यानंतर जे मंजूर होईल त्याला तुमचीही हजेरी लागते. जागा देण्याचे, ना-हरकतीचे, कोणाच्या तरी अतिक्रमणाचे ठराव याच वेळी निघू शकतात. उठायचं असेल तर "मी इतक्या वाजता गेलो" असं सहीपुढे लिहून उठा. बसणार असाल तर ठरावाचा नंबर लिहून घ्या आणि मसुदा वाचायला लावा. नंतर नक्कल लागली तर त्याच नंबराने मागता येते. नाही दिली तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत.

आमच्या नालीच्या ठरावाचा नंबर माझ्या गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलेला आहे. त्याच्या खाली आता दुसरा नंबर आहे, शाळेमागच्या हापशीजवळच्या शोषखड्ड्याचा. त्याचं अंदाजपत्रक अजून व्हायचंय.